'चेक्ड ओके' म्हणून परत आलेली लेन्स

जॉबशीटवर अखेर सर्व्हिस सेंटरवाल्यांनीच लिहून दिलं, 'ऑप्टिकल अलाइनमेंट केली', म्हणजे आतल्या काचा पुन्हा एका रेषेत बसवल्या. म्हणजे दोष लेन्समध्येच होता. हे मी पहिल्यापासून घसा कोरडा करून सांगत होतो, तेव्हा उत्तर एकच, "सर, चेक्ड ओके आहे."

लेन्स १५०-६०० मिलिमीटरची, नवी, वॉरंटीतली. हतनूर धरणावरच्या पाणपक्ष्यांसाठी घेतली. शिवाय शहाद्याकडे १९९७ साली पुन्हा सापडलेला रानपिंगळा, हे छोटं दुर्मिळ घुबड, कधीतरी आपल्यालाही दिसेल, ही आशा होतीच. निवडीत फार डोकं खपवलं नाही. ३००च्या लेन्सने धरणावरचा चक्रवाक म्हणजे नुसता केशरी ठिपका.

पक्षी मधोमध असला की पीस न् पीस मोजून घ्या. थवा आला की मात्र डावीकडचे खणखणीत, उजवीकडचे पुसट. घरच्यांना काही फरक दिसेना. "चांगलाच तर आलाय भो फोटो!"

कुरिअरने मुंबईच्या सर्व्हिस सेंटरला पाठवली, 'चेक्ड ओके'ची चिठ्ठी घेऊन परत आली. फोन केला तर काउंटरवरचा म्हणतो, "तुमच्याकडे ऊन फार ना सर, तापलेल्या हवेत टेलिचे, म्हणजे लांबचं टिपणाऱ्या लेन्सचे, फोटो असेच येतात." हे अर्धं खरं आहे, म्हणूनच जास्त चीड आली. एप्रिलात भर दुपारी भुसावळच्या हायवेवर ६००ने ट्रक टिपा, पाण्यात उभा असल्यासारखा हलतो. त्यात लेन्सचा दोष नाही. पण माझे फोटो डिसेंबरातले, भल्या सकाळचे. आणि हवा रोज फक्त उजवीकडेच कशी तापते? हे विचारलं तर "मेल करा". मेल केला, उत्तर आलं, 'विदिन स्पेसिफिकेशन'. कोणतं स्पेसिफिकेशन? ते इंटर्नल असतं, देता येत नाही. पुन्हा लिहिलं, तर फर्मवेअर अपडेट करून बघा. फर्मवेअरने काच सरळ होते हे मला नवीनच होतं.

मग ठरवलं, यांना बोलायला जागाच ठेवायची नाही. गावाबाहेर एका बंद जिनिंगची विटांची लांब भिंत आहे. सकाळी ऊन चढायच्या आत ट्रायपॉड भिंतीसमोर लावला. स्टॅबिलायझेशन बंद, दोन सेकंदांचा टायमर, लाइव्ह व्ह्यूमध्ये मधल्या विटेवर फोकस करून मॅन्युअलवर टाकला. अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं, एफ/६.३. एफ/८ किंवा एफ/११वर असले दोष बरेचसे झाकले जातात, तेव्हा आधी तिथे जाऊ नका. एक फोटो सरळ काढला. मग ट्रायपॉड कॉलर (लेन्स ट्रायपॉडला धरणारी कडी) ढिली करून लेन्स कॅमेऱ्यासकट जागच्या जागी उलटी फिरवली आणि फोकसला हात न लावता दुसरा काढला. कॅमेरा भिंतीला तिरका असता, तर दोन्ही फोटोंत त्याच विटा पुसट आल्या असत्या. माझ्याकडे विटा बदलल्या, कॅमेऱ्याची बाजू तीच राहिली, म्हणजे दोष लेन्सचा किंवा बॉडीचा. बॉडीचा संशय उरायला नको म्हणून आप्पांच्या फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) बॉडीवर तेच करून पाहिलं. (आप्पा लग्नाचे फोटो काढतात, पक्ष्यांवर पैसे घालणाऱ्यांची त्यांना मनापासून कीव येते.) तिथे तर कोपरा अजून वाईट, कारण माझ्या बॉडीचा लहान, क्रॉप सेन्सर काचेच्या कडांची प्रतिमा वापरतच नाही.

हे सगळे फोटो लॅपटॉपवर घेऊन रात्रीच्या गाडीने मी स्वतःच मुंबईला गेलो. काउंटरवाला पुन्हा जॉबशीट काढायला लागला. "आतल्या माणसाला बोलवा, तोवर मी इथेच बसतो," म्हटलं. टेक्निशियन आला, दोन फोटो शेजारीशेजारी पाहिले आणि म्हणाला, "हो, एलिमेंट सरकलंय." एलिमेंट म्हणजे आतली एक काच. एवढंच! इतके दिवस सगळं या एका वाक्यासाठी अडलं होतं. पुढे दुरुस्ती बिनबोभाट झाली, वॉरंटीत, फुकट. परत आल्यावर त्याच भिंतीवर पुन्हा तपासली, चारही कोपरे सारखे.

तक्रारीत नुसतं 'सॉफ्ट आहे' लिहू नका, 'डीसेंटर्ड (आतली काच मध्यापासून सरकलेली), उजवी बाजू' असं लिहा. नाहीतर टेस्ट चार्टच्या फोटोचा मधला भाग बघून मोकळे होतात. यूव्ही फिल्टर असेल तर टेस्टच्या आधी काढा, नाहीतर त्याच्यावर ढकलतील. नवी लेन्स घेणाऱ्यांनी भिंतीची टेस्ट पहिल्याच आठवड्यात उरकावी, दुकानदार बदलून द्यायला तयार असतो तेव्हाच. आणि काउंटरवर देताना जॉबशीटवर सिरियल नंबर, कॅप, हूड सगळं लिहून घ्या. माझ्या पहिल्या जॉबशीटवर हूडची नोंद नव्हती. तो अजून मुंबईतच आहे.