आमची वाटचाल : सहावी बशी कोरी

आमच्या पुण्यातल्या मातीच्या भांड्यांच्या छोट्या वर्कशॉपचं पोट आधी मगवर आणि कुंड्यांवर चालायचं. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान जपानमधल्या ओकायामाच्या कोराकुएन बागेवर बेतलेलं आहे. तिथे बसून बायकोने वहीत वाहत्या पाण्याच्या चार रेघा काढल्या, आणि जपानी नक्षीचं खूळ घरात शिरलं.

पहिली भट्टी वाया गेली. निळ्या रंगासाठीचं कोबाल्ट ऑक्साइड लावताना काळपट दिसतं, निळं होतं ते भाजल्यावर, त्यामुळे हात जड पडला की काय ते लावताना कळत नाही. ग्लेझही, म्हणजे वरचा काचेसारखा लेपही, जाड बसलं होतं. १२२० अंशांना सगळं ओघळलं. चाळीसेक बशा गेल्या.

दुसऱ्या खेपेला चेरीची फुलं आणि मेपलची लाल पानं एकाच बशीवर काढली. ओळखीतल्या जपानी शिकवणाऱ्या बाई हसल्या, "वसंत आणि शरद एकाच पानात वाढलेत की!" ओशाळलो. पुढे कळलं, क्योतोच्या कुंभारांनी हे मुद्दाम केलंय. या नक्षीला 'उनकिन' म्हणतात. चेरीचा बहर म्हणजे ढग आणि मेपल म्हणजे जरीचं कापड. असं भांडं दोन्ही ऋतूंत चालतं. तिथल्याच निन्नामी दोहाची या कुंभाराचे असे वाडगे प्रसिद्ध आहेत. त्याने जाणून केलं, आम्ही अडाणीपणाने, एवढाच फरक!

खरा धडा दिला तो जपानमधल्या आरिता गावच्या काकिएमोन शैलीने. १७व्या शतकातलं हे काम. पुढे युरोपात माइसेन या जर्मन पोर्सेलेन कारखान्याने त्याच्या नकला केल्या. दुधाळ पांढऱ्या पोर्सेलेनवर एका बाजूला दोन लावे पक्षी, शेजारी राळ्याची कणसं, बाकी बशी मोकळी. लावे आणि राळा, म्हणजे आपल्या माळरानावरचीच मंडळी! आम्ही मात्र तोवर काठापासून काठापर्यंत फुलं भरत होतो. निम्मी फुलं पुसली, तर एक गिऱ्हाईक म्हणालं, "नक्षी अर्धी, मग पैसे पूर्ण कसे?" त्यांना काय सांगणार, ती मोकळी जागा सोडायलाच आम्हाला दोन वर्षं लागली.

जपानात सेट पाचाचा असतो. चारला 'शि' म्हणतात आणि मृत्यूलाही 'शि'च, म्हणून चार टाळतात. आमचे दुकानदार सहाच मागतात. मग पाच बशा नक्षीच्या आणि सहावी कोरी, नुसत्या ग्लेझची. परवा एक काकू ती कोरीच परत मागायला आल्या. त्यांच्याकडची फुटली होती. म्हणाल्या, रोज वापरात तीच होती.