स्पॅनिश-इंग्रजी भाषांतराची वही: वय आणि अंगकाठी, कुठवर आलं

वयाची पानं जवळजवळ पुरी झालीत, अंगकाठीची अर्ध्यावर आहेत. दर नोंदीला चार रकाने: स्पॅनिश, इंग्रजी, देश, आणि कोण कोणाला म्हणतंय. चौथा रिकामा राहिला की इंग्रजी हमखास घसरतं.

'तेन्गो त्रेइन्ता आन्योस' सोपं, 'आय ॲम थर्टी'. टाइप करताना मात्र 'आन्योस'मधल्या 'एन'वरची नागमोडी रेघ सुटली तर वर्षांऐवजी गुदद्वार उमटतं, तेव्हा कीबोर्डात स्पॅनिश घालून घ्याच. 'क्वान्तोस आन्योस मे एचास?' म्हणजे 'मी किती वर्षांचा वाटतो?', वयाची चौकशी नव्हे.

खरा वेळ खाल्ला 'मायोर'ने. 'एर्मानो मायोर' थोरला भाऊ, 'एल्डर ब्रदर'. लहान पोराला 'या एरेस मायोर' म्हटलं तर 'आता मोठा झालास', 'यू आर अ बिग बॉय नाऊ'. 'मायोर दे एदाद' कायद्याने सज्ञान. आणि 'पेर्सोना मायोर' वयस्कर माणूस. तिथे 'ओल्डर' लिहायचं, नुसत्या 'ओल्ड'मध्ये 'व्येहो'चा, म्हणजे थेट 'म्हातारा' म्हणण्याचा, रोखठोकपणा येतो. पण अर्जेंटिनात 'मि व्येहो' म्हणजे बाप, मालवणकडे 'आमचो म्हातारो' म्हणतात तसाच. 'माय ओल्ड मॅन' चपखल बसतं. 'मिस व्येहोस' हे आईबाप दोघं, तिथे 'माय पेरेंट्स'.

अंगकाठीत 'सेर' आणि 'एस्तार' सांभाळा. दोन्ही 'असणे'च; 'सेर' (रूप 'एस') मुळातल्या गुणाला, 'एस्तार' (रूप 'एस्ता') आत्ताच्या अवस्थेला. 'एस गोर्दो' म्हणजे 'तो जाडो आसा'. 'एस्ता गोर्दो' म्हणजे बहुधा 'तो सुटलो'. दोन्हीकडे 'ही इज फॅट' लिहिलं की फरक बुडाला. दुसरीकडे 'ही हॅज पुट ऑन वेट' हवं. आपली मालवणी बोली इथे उत्तम कसोटी आहे, फक्त सूर जसाच्या तसा उचलू नका: 'सुकलंस गो'मध्ये काळजी असते, 'एस्तास मास देल्गादा' ('बारीक झालीस') कौतुकही असू शकतं.

अर्जेंटिनात जोडीदाराला लाडाने 'गोर्दो', 'गोर्दा' म्हणतात. भाषांतरातून जाडी काढून टाका, 'हनी' पुरे. स्पेनच्या नाताळच्या लॉटरीतलं पहिलं बक्षीस 'एल गोर्दो', म्हणून 'ले तोको एल गोर्दो' म्हणजे 'शी हिट द जॅकपॉट'.

'एन्त्रादो एन आन्योस' 'गेटिंग ऑन इन इयर्स'; 'एन्त्रादो एन कार्नेस' 'पोर्टली', बाईबद्दल असेल तर 'प्लम्प'. 'क्वारेन्तोन' चाळिशीतला खरा, पण त्यातल्या 'ओन' या प्रत्ययाला टोच आहे. 'फॉर्टी-समथिंग'मध्ये ती जाते, मग वाक्यात दुसरीकडे भरून काढावी लागते.

उंचीला 'मिदे' (शब्दशः 'मोजतो'). 'मिदे उनो ओचेन्ता' म्हणजे 1.80 मीटर, स्पेनमध्ये टिंबाच्या जागी स्वल्पविराम छापतात. अमेरिकन वाचकासाठी 5 फूट 11 इंच करा.

राहिलंय 'ग्रान्दे', म्हणजे एरवी 'मोठा'. मेक्सिको, अर्जेंटिनात तो वयालाही लागतो: 'मि एर्मानो मास ग्रान्दे' थोरला भाऊ, धिप्पाड नव्हे. इतर देशांतला वापर कोणी टिपला असेल तर देशाच्या नावासकट द्या.