मुंबई ते गोवा, शिडाच्या होडीतून दोघांनी

मुंबई ते गोवा हे अंतर समुद्रमार्गे २०० सागरी मैलांहून थोडंच जास्त आहे. आमच्यासारखी ३० फुटी शिडाची होडी ५ नॉटने (तासाला ५ सागरी मैल) चालली की दहा तासांत ५० मैल कापते, तेव्हा अंतराची धास्ती नाही. माणसं दोनच असली की प्रश्न हातांचा येतो. एक जण सुकाणूवर अडकतो आणि शिडं, नांगर, इंजिन, नकाशा, चहा-जेवण हे सगळं उरलेल्या एकावर पडतं. रात्री चालवायचं तर झोपेच्याही पाळ्या लावाव्या लागतात, आणि कोकण किनाऱ्यावर रात्री जाळी दिसत नाहीत. म्हणून आम्ही नवरा-बायकोने उजेडीच जायचं ठरवलं. मुक्काम राजपुरी, दाभोळ, जयगड, विजयदुर्ग, वेंगुर्ला आणि शेवटी पणजीची मांडवी नदी.

डिसेंबर-जानेवारीत वाऱ्याचं वेळापत्रक बहुधा ठरलेलं असतं. पहाटे जमिनीवरून मतलई वारा येतो, पाणी सपाट असतं आणि होडी सुरेख पळते. दहा-अकराला तो पडतो. मग दोन-तीन तास इंजिन. दुपारी एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा सुरू होतो आणि चारपर्यंत १५ नॉटच्या वर जातो. म्हणून तांबडं फुटताच नांगर उचलायचा आणि चारच्या आत खाडीत शिरायचं. मुंबई बंदरातून निघताना मात्र ओहोटी धरावी, पाणीच बाहेर ढकलतं. दाभोळच्या तोंडाशी वाळूची दांडी आहे, तिथे उलट भरतीच्या शेवटच्या दोन तासांत शिरायचं. ओहोटीचं पाणी आणि समोरून येणारी लाट यांची गाठ पडली की दांडीवर लाटा फुटतात.

कागदपत्रं दोन प्रतींत, पाणी न शिरणाऱ्या पिशवीत ठेवावीत. नांगर टाकला की बऱ्याच ठिकाणी सागरी पोलिसांची बोट चौकशीला येते; नोंदणी आणि ओळखपत्र हाताशी असलं की पाच मिनिटांत काम होतं. व्हीएचएफ रेडिओ १६ नंबरच्या चॅनेलवर चालू ठेवायचा. तटरक्षक दलाचा १५५४ आणि सागरी पोलिसांचा १०९३ हे क्रमांक सुकाणूजवळ लिहून चिकटवले होते.

आता जाळी. मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत किनाऱ्याजवळ डोल जाळ्यांचे, म्हणजे खुंटाला बांधून ओढीत धरलेल्या पिशवीसारख्या जाळ्यांचे, खुंट आणि दोर असतात. पाण्याला ओढ असली की बोयरे (जाळ्यांचे तरंगते गोळे) पाण्याखाली जातात आणि भरती-ओहोटी थांबते तेव्हाच वर दिसतात. खांदेरी बेटाच्या पश्चिमेने, २० मीटर खोलीच्या बाहेरून गेलं तर हा त्रास बराच कमी होतो. पुढे वाहती जाळी लागतात, किलोमीटरभर लांबसुद्धा. एका टोकाला बोट, दुसऱ्या टोकाला झेंडी. बोटीवरून हात दाखवतात त्याच बाजूने जावं.

तरीही श्रीवर्धनच्या बाहेर, इंजिनवर असताना, बोयरा नसलेला जाळ्याचा सुटा तुकडा होडी ढकलणाऱ्या पंख्यात आला. खूण ओळखायला शिकावं: इंजिनचा आवाज दबतो, धूर काळा होतो, वेग एकदम पडतो. त्या क्षणी गिअर न्यूट्रल आणि लगेच इंजिन बंद. पुढे-मागे गिअर टाकून सोडवायला गेलात तर नायलॉन घासून वितळतं आणि शाफ्टवर, म्हणजे पंख्याच्या दांड्यावर, दगडासारखा गोळा बसतो. आम्ही आधी आतून शाफ्ट हाताने उलट फिरवला आणि बोटहूकने सुटं टोक ओढलं. तीन वेढे सुटले, पुढे सरकेना.

मग पाण्यात उतरणं आलं. उतरण्याआधी पोळीचा तुकडा पाण्यात टाकून ओढ बघितली. तो चालत जाण्याच्या वेगाने दूर गेला असता तर उतरायचंच नाही. शिडं उतरवली, शिडी बांधली. नवऱ्याने डोक्यावर सायकलचं हेल्मेट घातलं, कारण लाटेवर होडीची मागची बाजू उचलून आपटते आणि खाली असलेल्या माणसाच्या डोक्यावर येते. कमरेला दोर, त्याचं टोक माझ्या हातात. इंजिनची किल्ली माझ्या खिशात. साध्या सुरीने ओलं नायलॉन कापलं जात नाही. दातेरी पात्याचा चाकू लागतो आणि वितळलेल्या गोळ्याला हॅकसॉचं पातं. एका दमात चार-पाच घाव, मग वर येऊन श्वास. काढलेलं जाळं परत समुद्रात टाकलं नाही, गोणीत भरून ठेवलं. जाळं जिवंत असतं, म्हणजे कुणी लावलेलं, तर आपल्याला अडकलेला तेवढाच भाग कापून दोन्ही टोकं बांधून द्यावीत. मच्छीमाराचं पोट त्यावर आहे.

सुटका झाल्यावर लगेच वेग घेऊ नये. आधी शाफ्ट जिथून बाहेर जातो ती ग्लँड बघायची. चालत्या इंजिनला मिनिटाला काही थेंब पडणं ठीक, धार लागली तर पाणी अडवणारं पॅकिंग सरकलं आहे. इंजिनच्या रबरी पायांचे बोल्टही तपासले. झटक्याने ते ढिले होतात.

त्याआधीच्या राजपुरीच्या मुक्कामात खाडीचा तळ चिखलाचा. साखळीचा हिशोब भरतीच्या खोलीवर करायचा: ५ मीटर पाणी आणि नाळेची (होडीच्या पुढच्या टोकाची) उंची १ मीटर, सहाच्या पाचपट म्हणजे ३० मीटर साखळी. चिखलात नांगर टाकून लगेच ओढू नये, दहा मिनिटं रुतू द्यावा, मग इंजिन मागे घेऊन ताण द्यावा. किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवायच्या. हे सगळं करूनही मध्यरात्री पाणी फिरलं आणि होडी सरकली. नांगर वर आला तेव्हा कारण दिसलं: नांगराच्या रुतणाऱ्या फाळाला जुन्या जाळ्याची गुंडाळी. ओढ उलटली की नांगर उपटून पुन्हा रुततो. जाळ्याने फाळ झाकला गेला तर तो नुसता घसरतो. म्हणून फिरत्या पाण्याच्या वेळेचा गजर लावून एकाने वर यायचंच.

जयगडच्या पुढे एक्झॉस्टमधून पाणी येणं बंद झालं. फटफट कोरडी आणि वाफ. समुद्राचं पाणी आत घेणाऱ्या भोकावर प्लॅस्टिकची पिशवी बसली होती आणि तेवढ्या वेळात पंप कोरडा फिरून इम्पेलरची, म्हणजे पंपातल्या रबरी चाकाची, दोन पाती तुटली. कॉक बंद, झाकणाचे स्क्रू काढले, पक्कडीने इम्पेलर ओढला. नवा बसवणं सोपं; तुटलेली पाती शोधणं हे खरं काम. ती इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडाशी जाऊन अडकतात आणि पुढच्या आठवड्यात इंजिन तापवतात. नळी काढून दोन्ही तुकडे मिळाल्यावरच झाकण लावलं. नव्या इम्पेलरला भांड्यांचा साबण लावायचा, तेल नाही. झाकणाचं कागदी गॅस्केटही जादा असावं. जुनं हमखास फाटतं.

विजयदुर्गला किल्ल्याच्या समुद्राकडच्या बाजूला पाण्याखाली दगडी बांध आहे, तेव्हा तट बघायच्या मोहाने जवळ जाऊ नये. मालवण खडकांमुळे सोडलं. देवगडच्या पुढे जिब (पुढचं शीड) गुंडाळायचा दोर ड्रमवर एकात एक अडकला. वाऱ्यात शीड उलगडताना दोर ताणून सोडला नाही की असं होतं. वाऱ्याकडे पाठ करून मोठ्या शिडाच्या आडोशाला जिब आणली, ड्रम हाताने दोन फेरे मागे फिरवला, सुटली.

मांडवीत खुणेच्या बोयांमधूनच शिरावं, आग्वादच्या आतली वाळू सरकते. पणजीला नांगर टाकल्यावर ग्लँड पुन्हा बघितली. थेंब वाढले होते. नट अर्धा फेरा आवळले आणि शाफ्ट हाताने सहज फिरतो ना ते पाहिलं. त्याहून जास्त आवळलं तर शाफ्ट तापतो आणि झिजतो.