टिकटिक

तीन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी कामावरून येताना मी औषधं घ्यायला थांबले. दोन मिनिटांचं काम म्हणून सायकल पदपथावर स्टँडला लावली आणि आत गेले. बाहेर आले तर एक बाई माझ्या सायकलपाशी वाकून उभ्या. त्यांची पांढरी काठी मागच्या चाकाच्या स्पोकमध्ये शिरून अडकली होती आणि त्या दुसऱ्या हातानं चाचपत होत्या. सीट, कॅरिअर, मडगार्ड, मग चेन. बोटांना काळं लागलं.

"सायकल आहे का ही?" त्यांनी हवेतच विचारलं.

"हो, माझीच आहे. चुकलंच माझं. थांबा, काढते काठी."

"काढा, पण ओढू नका हं, टोक निघून येतं तिचं."

मी चाक हळूच मागे फिरवून काठी सोडवली आणि मग खाली पाहिलं. सायकल मी पिवळ्या, उठावाच्या टाइल्सवर आडवी लावली होती. रोज त्यांच्यावरून जायचे, पण त्या तिथे का आहेत याचा कधी विचारच केला नव्हता. मी परत माफी मागितली. त्या रागावल्या नाहीत. रुमालानं बोटं पुसत म्हणाल्या, "मोटारगाडी येते ती कळते मला. सायकल कधीच कळत नाही. उभी असली तरी नाही, चालत असली तरी नाही."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्या टाइल्सबद्दल नंतर वाचलं. सेइइची मियाके नावाच्या जपानी माणसानं १९६५ मध्ये त्या घडवल्या आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात, अंधशाळेजवळच्या रस्त्यावर, पहिल्यांदा बसवल्या. लांब पट्ट्या असतील तर सरळ चालत राहा, गोल ठिपके आले तर थांबा, पुढे काहीतरी आहे. पायाला वाचता येईल अशी ही लिपी जगभर पसरली, आणि मी त्या लिपीतल्या एका ओळीवर सायकल उभी केली होती.

मी अकरा वर्षं रोज सायकलनं कामावर जातेय. एका बाजूनं सात किलोमीटर. त्यातले चार किलोमीटर मोटारींच्या रस्त्यावरून आणि तीन किलोमीटर एका मार्गावरून, जिथं चालणारे आणि सायकलवाले एकत्र असतात. आठ वर्षं माझी सगळी तक्रार त्या चार किलोमीटरबद्दल असायची: कोण किती जवळून गेलं, कोणी कट मारला, कोणी विनाकारण हॉर्न वाजवला. उरलेले तीन किलोमीटर म्हणजे माझ्या लेखी विश्रांती. पण त्या विश्रांतीत दुसऱ्या कोणाचा जीव दचकत असेल, हे त्या बाईंच्या एका वाक्यानं कळलं.

सायकलचा आवाज नसतो. आपल्याला ती आवडते त्यात याचा मोठा वाटा आहे. पण पुढे चालणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर काय होतं? त्याला डोळे पुढे आहेत, मागचं सगळं तो कानांनी बघतो. त्या कानांना आपण दिसतच नाही. हाताला वारा लागतो, कोणीतरी निघून जातं आणि मग काळीज धडधडतं. आपण तोवर वीस मीटर पुढे, "बघा किती सफाईनं गेले" अशा समजुतीत. विजेवर चालणाऱ्या मोटारी आल्या तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला आणि अंध लोकांच्या संघटनांनी तो लावून धरला. युरोपात २०१९ पासून नव्या प्रकारच्या अशा मोटारींना आणि २०२१ पासून विजेवरच्या सगळ्याच नव्या मोटारींना, वेग ताशी २० किलोमीटरपर्यंत असताना मुद्दाम आवाज करत जाणं बंधनकारक झालं. सायकलबद्दल तर हे फार आधी सुचलं होतं. इंग्लंड-वेल्समध्ये १८८८ साली सायकल कायद्यानं 'गाडी' ठरली. त्याच कायद्यात म्हटलं होतं की माणसाला किंवा घोड्याला ओलांडण्याआधी सायकलवाल्यानं घंटी, शिट्टी किंवा कशानंही ऐकू जाईल अशी सूचना द्यावी. १९३० मध्ये ती सक्ती गेली.

म्हणून मी घंटी वाजवायला लागले. आणि कळलं की घंटी वाजवणं ही सोपी गोष्ट नाही.

अगदी जवळ जाऊन वाजवली की माणूस दचकतो. खांदे आधी वर जातात, मग तो मान वळवतो, आणि ज्या बाजूला मान वळली त्याच बाजूला पाऊल पडतं. म्हणजे नेमकं आपल्या वाटेत. दोघी जोडीनं चालत असतील तर एक इकडे सरकते, एक तिकडे, आणि लगेच एकमेकींकडे परत येतात. लहान मूल तर आवाजाकडे बघतं आणि जिकडे बघतं तिकडेच चालायला लागतं. कुत्रा एका कडेला आणि मालक दुसऱ्या कडेला असेल तर मध्ये ताणलेली साखळी संध्याकाळी दिसतसुद्धा नाही. यात कोणाचीच चूक नाही. मागून अचानक आवाज आला तर शरीर असंच वागणार.

मग मी अंतराचा हिशेब केला. चालणारा ताशी ५ किलोमीटरनं जातो. मी १५ नं गेले तर आमच्यातलं २० मीटर अंतर संपायला सात सेकंद लागतात. सात सेकंदांत माणूस ऐकतो, समजतो, बाजू ठरवतो, सरकतो. मी २५ नं गेले तर त्याच २० मीटरला साडेतीन सेकंदच मिळतात. वेग १५ वरून २५ झाला की धडकेतली ऊर्जा जवळजवळ पावणेतीनपट होते, ते वेगळंच. त्या तीन किलोमीटरमध्ये १५ आणि २५ यातला फरक जेमतेम पाच मिनिटांचा. पाच मिनिटं आधी घरातून निघणं मला जमतं.

आता मी लांबूनच एकदा वाजवते, हलकेच, एकच टोला. मग वाट बघते. खांदा जरा हलला, मान थोडी कलली, पिशवी या हातातून त्या हातात गेली, तर निरोप पोचला. काहीच हललं नाही तर समजायचं की कानात इयरफोन आहेत, किंवा ऐकू येत नाही. परत परत घंटी बडवून उपयोग नाही. ब्रिटनच्या हायवे कोडमध्ये, म्हणजे तिथल्या रस्त्याच्या नियमांच्या पुस्तकात, सायकलवाल्यांना आठवण दिलीय: चालणारी व्यक्ती बहिरी किंवा अंध असू शकते आणि ते बघून कळेलच असं नाही. माझ्या वाटेवर एक आजोबा आहेत, रोज भेटतात. दोन महिने मी त्यांना आडमुठे समजत होते. मग एकदा वाऱ्यानं त्यांची टोपी उडाली तेव्हा कानामागचं यंत्र दिसलं. आता त्यांच्या मागे मी सरळ पाय टेकते, मार्ग रुंद होईपर्यंत सायकल हातात धरून चालते.

पाय टेकण्यामागे आणखी एक कारण आहे. सायकल अगदी हळू, चालण्याच्या गतीनं, नेली की ती डुलायला लागते. तोल धरायला हँडल सारखं इकडे-तिकडे वळवावं लागतं, म्हणजे वेग कमी आणि जागा मात्र जास्त लागते. गर्दीत माणसांना खेटून डुगडुगत जाण्यापेक्षा उतरणं बरं. उतरल्यावर आपणही चालणारेच. यात कसला कमीपणा आलाय?

घंटीपेक्षा चांगली गोष्ट मला योगायोगानं सापडली. पायडल मारणं थांबवलं की मागच्या चाकातून टिकटिक येते. आत स्प्रिंगवर बसवलेले छोटे खटके असतात. पायडल मारताना ते दात्यांत अडकून चाक फिरवतात, थांबलं की दात्यांवरून घसरत जातात. तोच तो आवाज. माणसाच्या मागे आठ-दहा मीटरवर आले की मी पाय थांबवते. टिक टिक टिक. वेग आपोआप उतरतो आणि पुढचा माणूस न दचकता वळून बघतो. घंटी काही झालं तरी "बाजूला व्हा" म्हणतेच. टिकटिक फक्त "मी आहे" एवढंच सांगते. कित्येकजण बाजूला होत हसतात. मी "धन्यवाद" म्हणते, आणि मागून आणखी कोणी येत असेल तर "अजून एक आहेत हं" असंही.

ह्या तीन किलोमीटरनी मला ते चार किलोमीटरही शिकवले. रस्त्यावर उलटं होतं. तिथं मी पुढची, आणि मागून येणाऱ्याला मी कळायला हवी. तिथं माझी टिकटिक कोणाला ऐकू जाणार नाही, म्हणून दिसेन अशी चालवते. आधी कडेला चिकटून जायचे, वाटायचं हेच सुरक्षित. पण कडेला खडी, जाळ्या, उभ्या गाड्या. प्रत्येक गाडीपाशी आत-बाहेर करावं लागायचं आणि मागच्या ड्रायव्हरला मी एकदा दिसायचे, एकदा गायब व्हायचे. आता उभ्या मोटारींपासून एक दाराचं अंतर सोडून एका रेषेत जाते. एकदा एक दार उघडलं होतं माझ्यापुढे. ब्रेक लागला, थांबले, पण दाराची कड पोटापासून वीतभरावर होती. आत बसलेला मुलगा माझ्याइतकाच पांढरा पडला होता. दारापासून लांबच्या हातानं दार उघडायची एक सवय आहे. तसं केलं की अंग आपोआप वळतं आणि नजर मागे जाते. ब्रिटनच्या नियमांत २०२२ पासून ती लिहिलेली आहे. घरी मोटार चालवणाऱ्या प्रत्येकाला मी ती लावलीय, अगदी मागे लागून.

ट्रकच्या बाबतीत मात्र मी कोणाचं ऐकत नाही. चौकात ट्रक थांबलेला असताना त्याच्या आतल्या बाजूनं पुढे सरकायचं नाही. वळताना त्याची मागची चाकं पुढच्या चाकांच्या वाटेनं जात नाहीत, आतून कापत येतात, आणि तिथं उभी असलेली सायकल ड्रायव्हरला वरून दिसतच नाही. तो कितीही सज्जन असो. मी मागे थांबते. मागचे हॉर्न वाजवतात, वाजवू देत.

आणि चाक बघायला शिका. मोटारवाल्यानं आपल्याकडे पाहिलं म्हणजे आपण त्याला दिसलो असं नाही. रात्री तर काचेवरच्या उजेडात चेहराच दिसत नाही. गाडीचं पुढचं चाक मात्र खोटं बोलत नाही. ते किंचित जरी फिरलं तरी गाडी निघाली.

दिव्यांबद्दलही सांगते, कारण तिथंही मी चुकत होते. दुसऱ्यांनी मला बघावं म्हणून मी मोठा दिवा घेतला, लुकलुकणारा, आणि सरळ समोर रोखला. त्या एकत्र मार्गावर समोरून येणारी एक मुलगी हात डोळ्यांवर धरून थांबली तेव्हा लक्षात आलं. लुकलुकणाऱ्या दिव्यावरून अंतराचा अंदाजही नीट येत नाही. जर्मनीत सायकलला असे दिवे चालत नाहीत, आणि पुढचा झोत खाली राहावा असा नियम आहे. मी दिवा स्थिर केला आणि खाली वळवला. मला खड्डेसुद्धा जास्त चांगले दिसायला लागले.

लोक म्हणतात, तुम्ही सायकलवाले रस्त्यावर हक्क मागता आणि पदपथावर दादागिरी करता. यातलं दुसरं खरं असेल तिथं मी वाद घालत नाही. पण पहिला हक्क खरा आहे आणि तो भांडूनच मिळतो. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्त्यांवरच्या अपघातांत सुमारे ३,३०० माणसं गेली, त्यात चारशेहून जास्त मुलं होती. आई-वडील मुलांना घेऊन रस्त्यावर बसले तेव्हा तिथली धोरणं वळायला लागली. आज तिथल्या सायकलमार्गांचे फोटो बघताना मला आधी ते आई-वडील आठवतात. नुसती पांढरी रेघ ओढून चालणारे एका बाजूला, सायकली दुसऱ्या बाजूला असं करून भागत नाही. माझ्या मार्गावर तशी रेघ आहे. तीन वर्षांची मुलगी ती ओलांडते, कुत्रा ओलांडतो, आणि काठीला ती रेघ लागतच नाही.

त्या बाई मला आता वरचेवर भेटतात. पहिल्यांदा मी लांबून "नमस्कार ताई, मी ती सायकलवाली" म्हणाले तर त्या जागीच थांबल्या, मला कोणत्या बाजूनं जायचंय ते त्यांना कळेना. म्हणाल्या, "आधी बाजू सांगा, मग नमस्कार." तेव्हापासून मी "तुमच्या काठीच्या बाजूनं येतेय" म्हणते. त्या काठी जवळ घेतात आणि चालत राहतात.

गेल्या महिन्यात भाच्यानं माझी सायकल पूर्ण उघडून साफ केली. मागच्या चाकात घट्ट ग्रीस भरलं. चालायला लोण्यासारखी झाली, पण टिकटिक गेली. दुसऱ्या दिवशी मार्गावर पाय थांबवले तर कोणीच वळेना, आणि त्या बाईंच्या मागे मी आले तेव्हा मला ओरडून सांगावं लागलं. त्या चपापल्या.

रविवारी भाच्याला बोलावलं. "ग्रीस काढ, पातळ तेल घाल."

"मावशी, लोक आवाज बंद करून मागतात!"

"मला हवाय."

त्यानं मागचं चाक काढलं, रॉकेलनं खटके धुतले, तेलाचे थेंब सोडले, चाक परत बसवून हातानं फिरवलं. आम्ही दोघं ऐकत उभे राहिलो. "अजून थोडं कमी तेल," मी म्हटलं.