रांगेत नसलेली माणसं

आजची ड्यूटी पाण्याच्या टाकीवर. पूर ओसरला, पण विहिरी गढूळच आहेत. त्यामुळे छावणीतल्या प्रत्येकाची भिस्त या टाकीवर.

सकाळचं पहिलं काम क्लोरीन तपासायचं. छोट्या नळीत पाणी घ्यायचं, त्यात गोळी विरघळवायची आणि गुलाबी रंग कितपत चढतोय ते पट्टीशी ताडून बघायचं. आज टाकीत रंग नीट आला. शेवटच्या नळावर मात्र पाण्याला रंग जवळजवळ चढलाच नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन गाळावरच खर्ची पडतं, जंतूंसाठी काही उरतच नाही. म्हणून आधी तुरटी फिरवून गाळ बसवायचा, मग क्लोरीन घालून अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास सगळ्यांत अवघड. हंडे घेऊन माणसं समोर उभी असतात आणि आपण हाताची घडी घालून ‘थांबा’ म्हणतो. शिव्या पडतात. पडू देत.

नळ सुरू झाल्यावर एक काकू म्हणाल्या, ‘‘औषधाचा वास मारतोय गं, त्यापेक्षा आमच्या विहिरीचं बरं.’’ वाद घालत बसले नाही. त्यांच्यासमोर तेच पाणी ग्लासभर प्यायले. वास मलाही आवडत नाही, हे सांगूनही टाकलं.

मदतकार्यात ‘स्फिअर’ नावाचे किमान निकष पाळतात. माणशी दिवसाला निदान 15 लिटर पाणी, एका नळामागे 250 पेक्षा जास्त माणसं नकोत, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त ताटकळावं लागू नये, पाणी 500 मीटरच्या आत हवं. कागदावर आमची छावणी यात बसते. पण हा हिशेब रांगेत आलेल्यांचा. न आलेल्यांचं काय?

दुपारी तंबूंमधून फेरी मारली तेव्हा ती माणसं सापडली. गुडघे धरून बसलेले एक आजोबा, शेजारचा पोरगा देईल तेवढ्या पाण्यावर भागवणारे. एक ओली बाळंतीण. आणि दोघी-तिघी बायका, ज्या मुद्दामच पाणी कमी पितात. का, तर शौचालयं छावणीच्या पार टोकाला, तिथे दिवा नाही, एका दाराला आतून कडी नाही. संध्याकाळनंतर तिकडे जावं लागू नये म्हणून दुपारपासूनच घोट मोजायचे. आपण टँकरवर टँकर आणतोय आणि पाणी अडलंय एका कडीपाशी! हे पुरुष स्वयंसेवकांना त्या कधीच सांगणार नाहीत. मलाही बऱ्याच इकडच्या-तिकडच्या गप्पांनंतर सांगितलं.

एक ताई मात्र सकाळपासून गप्प होती. प्रशिक्षणात शिकवलेलं असतं: पाहा, ऐका, योग्य मदतीशी जोडून द्या. काय झालं ते खोदून विचारायचं नाही. बसले शेजारी. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, ‘‘शाळा सोडल्याचा दाखला परत मिळतो का हो?’’ लेकीचा दाखला वाहून गेला होता आणि प्रवेश तोंडावर आलेला. कागदपत्रांच्या टेबलापर्यंत तिच्यासोबत गेले, अर्ज भरून दिला. बॉलपेन ओलसर कागदावर उठत नव्हतं, शिसपेन्सिलीने लिहिलं. पोच मात्र हट्टाने शाईत घेतली.

संध्याकाळी कपड्यांचा ट्रक आला. म्हणजे अजून एक ढीग. 2004च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडले होते, हे वाचलेलं होतं. आता ते ढीग उपसणारी मी. लग्नातला कोट निघाला, उंच टाचांची एकच चप्पल निघाली. आतले नवे कपडे, सॅनिटरी पॅड, कोरडे टॉवेल यातलं काही नाही. देणाऱ्यांचं मन मोठं असतं, मान्य. पण आधी एक फोन करून ‘काय हवंय?’ विचारलं, तर आमची निम्मी संध्याकाळ वाचेल.

टीममधला एक जण दोन रात्री झोपला नव्हता. त्याला आज दमदाटी करून झोपायला पाठवलं. तो चिडला. चिडण्याइतकं त्राण आहे म्हणजे ठीक आहे.

उद्यापासून वाटपाच्या आधी तंबूतंबूतून फिरून वेगळी यादी करायची, असं मी बैठकीत मांडलं. समन्वयकांना ते वेळखाऊ वाटतंय. बरीच खडाजंगी झाली. शेवटी एक ओळ तरी मान्य झाली: कडी आणि दोन सौरदिवे सकाळी पहिल्या फेरीत. हातोडी कुणाकडे आहे, ते शोधते आता.