दंड भरून मोकळं व्हायच्या आधी कलम ३९ बघा

एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा, म्हटलं की लोकांना दहा-वीस वर्षं आणि जामीन नाही एवढंच आठवतं, पण त्याच १९८५ च्या कायद्यात कलम ३९ आहे आणि त्याचं नाव घरचे सोडा, आमच्यातले कितीतरी वकीलसुद्धा काढत नाहीत. पोरगा व्यसनी आहे, गर्द (हेरॉईन) ५ ग्रॅमपर्यंत किंवा गांजा किलोपर्यंत सापडला आणि दोषी ठरला, तरी जज त्याला लगेच आत न टाकता सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचाराला पाठवू शकतात. त्याची स्वतःची तयारी लागते, बॉण्ड (लेखी हमी) द्यावा लागतो आणि जास्तीत जास्त वर्षभरात उपचाराचा रिपोर्ट घेऊन कोर्टात उभं राहायचं. रिपोर्ट बरा असेल तर समज देऊन पुन्हा बॉण्डवर सोडतात, तीन वर्षांपर्यंतच्या. कलम ६४अ तर अजून बरं, स्वतःहून उपचार घेतले आणि पूर्ण केले तर खटलाच चालत नाही.

मग वापरत का नाहीत? सोपं आहे हो. गांजा ओढल्याची शिक्षा सहा महिन्यांपर्यंत किंवा दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, मग घरचे म्हणतात साहेब कबूल करून टाकू, दंड भरू, विषय मिटवा, त्यात पोराचं स्थळ बघणं चालू असतं, वर्षभर कोर्टाच्या तारखा कोणाला हव्यात. दंड बाप भरतो आणि पोरगा त्याच कट्ट्यावर परत.

पण खरी गोची वेगळीच आहे. बॉण्डमध्ये लिहून द्यायचं की या कायद्याखालचा गुन्हा परत करणार नाही, आणि नशा करणं हाच तर गुन्हा! व्यसनमुक्तीत काम करणारा कोणीही सांगेल की माणूस मधे एखाद्या वेळी घसरतो, तो आजाराचाच भाग आहे. पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून आहे, तिथेही सगळं लक्ष बाहेर पडल्यानंतरच्या फॉलोअपवर असतं. अमेरिकेत मायामीला १९८९ मध्ये पहिलं ड्रग कोर्ट निघालं, तिथे जज त्याच माणसाला पुन्हा पुन्हा समोर बोलावतात, लघवीची तपासणी बघतात, नीट चाललं तर कौतुक, घसरला तर छोटी शिक्षा आणि परत उपचार. आपल्याकडे मधेच जजचीच बदली होऊ शकते, फाइल नव्या माणसापुढे.

(दारू एनडीपीएसमध्ये येतच नाही, त्यामुळे दारुड्यांना हे लागू नाही. तिथे १९५८ चा प्रोबेशनचा (तुरुंगाऐवजी अटींवर सोडायचा) कायदा आहे, त्यात नशा करायची नाही अशी अट घालता येते, तीही कोणी मागत नाही.)

तुमच्या घरात अशी केस असेल तर पहिल्याच तारखेला वकिलाला ३९ आणि ६४अ दोन्ही विचारा. आणि केंद्र निवडताना ते सरकारमान्य आहे का त्याचा कागद आधी बघा, गल्लीबोळात नुसत्या बोर्डवर चालणारी खूप आहेत, तिथे पैसे जातात आणि तो रिपोर्ट कोर्टात उपयोगी पडत नाही.