टकटक

बुधवार, रात्री साडेअकरा

पाण्याचा दिवस, त्यामुळे पहाटे चारपासून पायांवर. साडेनऊला कुठं डिजिटल पियानोसमोर बसले. हेडफोन लावून पाऊण तास झाला असेल, तर आई दारात उभी. एक कान मोकळा केला.

"झोप येते बघ ह्यानं. तुझ्या बाबांचा माग चालल्यासारखं वाटतंय."

आणि गेली आत. मी काय बोलणार होते?

हेडफोन मीच लावते, कुणाला त्रास नको म्हणून. म्हणजे सूर सगळे माझ्या कानात, आणि घरच्यांच्या वाट्याला प्लॅस्टिकवर बोटं आपटल्याची टकटक. दोन वर्षं झाली. तेच ते दोन पानांचं संथ गाणं तीन महिने घोळवतेय, गुरफटून गेल्यासारखी डोळे मिटून वाजवते, एकदा तर रडूही आलं होतं वाजवताना. आणि दाराबाहेर माग.

शनिवारी सरांनीही व्हिडिओवर ऐकून विचारलं होतं, "ताई, सूर सगळे बरोबर आहेत. पण गातंय कोण?" माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान पोरगा. हसले मी. तेव्हा नाही लागलं, आज लागतंय.

कळ खाली जाते जेमतेम एक सेंटिमीटर. जे काय करायचं ते तेवढ्यात. खऱ्या पियानोत कळ फेल्टच्या हातोडीला वर फेकते आणि तारेला भिडायच्या दोनेक मिलिमीटर आधीच सोडून देते. शेवटचं अंतर ती आपली आपण जाते. त्यानंतर कळीवर बोट दाबा, हलवा, डोळे मिटा, झालेला सूर काही बदलत नाही. १७०० च्या आसपास फ्लॉरेन्समध्ये पहिला पियानो बनवणाऱ्या क्रिस्टोफोरीनं ही सोडून देण्याची युक्ती काढली. त्याच्या घरी माग होता की काय कोण जाणे, कारण मागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचं अगदी हेच. झटका दिला की धोटा सुटला, मध्ये कुणाच्या हातात नाही. झटका जास्त झाला तर तो जिथं थांबायचा त्या पलीकडच्या पेटीवर आदळून मागे येतो. कमी पडला तर ताण्याच्या उभ्या धाग्यांतच अडकतो आणि ते तुटतात. बाबा पेटीवर तळहात ठेवून उभे राहायचे. कितीतरी वेळ. मग पान्यानं कुठलासा नट पाव फेरा फिरवायचे. काय कळायचं त्यांना तळहातातून, ते विचारायचं राहिलं.

माझ्याकडे तर तारही नाही. कळ किती वेगानं खाली गेली तेवढं यंत्र मोजतं आणि १ ते १२७ मधला एक आकडा टाकतं. माझं ते रडू आलं होतं ना, त्याचा आकडा बहुतेक ९०.

शनिवार, दुपार

काल एक उद्योग केला. फोन आईच्या खोलीत रेकॉर्डिंगला लावून ठेवला आणि इकडे हेडफोन घालून वाजवलं. नंतर ऐकलं. पंख्याची घरघर, आईचा खोकला, आणि मी. नुसती टकटक, सूर नाहीत. लाज वाटली आधी. पण सूर नसल्यामुळेच ऐकू आलं: टक टक टक टक, धप्प. टक टक टक टक, धप्प. अंगठा! दर वेळी उजवा अंगठा. आणि गाणं ज्या करंगळीकडे आहे, ती बिचारी ऐकूच येत नाही. सरांचं "गातंय कोण" त्याचं उत्तर मिळालं. अंगठा गातोय.

मग आज सकाळी आई देवळात गेल्यावर पियानो बंदच ठेवून बसले. कळा उंचावरून मारायच्या नाहीत, बोट कळीवर टेकलेलंच, दंड सैल, खांद्यापासून वजन सोडायचं आणि तळाशी पोचायच्या आत ते काढून घ्यायचं. अंगठ्याला जवळजवळ काहीच द्यायचं नाही, करंगळीवर हात किंचित कलता. सर हे पहिल्या महिन्यापासून सांगतायत. तेव्हा मला वाटायचं, हे पुढच्या लोकांचं. पहिली ओळ चाळीस वेळा तरी केली असेल. मनगट दुखलं म्हणजे कुठंतरी चुकतंय, हेही तेच म्हणतात. आज दुखलं नाही. घामाची धार मात्र कोपरावरून कळांवर. एप्रिल आहे, सोलापूर आहे, काय करणार.

मग चालू करून एकदाच वाजवलं. फार काही झालं नाही. दुसऱ्या ओळीत जिथं करंगळी वर जाते, तिथं एक सूर असा आला, जरासा लांब, की मी थांबलेच. पुन्हा केला तर आला नाही.

माझा हात बाबांसारखा आहे, असं सगळे म्हणतात. रुंद, आखूड बोटांचा. बुधवारी रात्री त्याचाही राग आला होता. जाऊ दे.

रविवार

काल रात्री तासभर बसले होते. सकाळी आई भाकरी थापत होती, पाठमोरी. थाप एकसारखी, शेवटी बोटांनी कड दाबत गोल फिरवणं, सगळं न बघता. मी चहा गाळत होते.

"काल बसली नाहीस व्हय पेटीवर?"

"बसले होते की."

"मला काय ऐकू आलं नाही. झोपच लागली नाही लवकर."